जूनमध्ये ओढा मॉडेलमध्येच वाहतो, सप्टेंबरमध्ये शिवारातच: मुरणाऱ्या पाण्याचा हिशेब दरवर्षी का बिघडतो

पडलेल्या पावसातलं किती पाणी मुरेल आणि किती ओढ्यात वाहील याचा अंदाज संगणकी मॉडेलने काढणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आधी लक्षण नीट सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते कळेल.

दख्खनच्या बेसाल्टवरचं चार-पाच चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र. माथ्यावर हलकी मुरमाड जमीन, मधल्या उतारावर मध्यम, ओढ्याकाठी भारी काळी. मॉडेलमध्ये मातीचे गुणधर्म कोष्टकातून भरलेले, पाऊस जवळच्या केंद्राचा. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसांना मॉडेल ओढ्याला पूर आणतं आणि शिवारातला ओढा कोरडा असतो. मग मातीची वाहकता, म्हणजे पाणी आत सोडण्याचा तिचा वेग, वाढवून जून जुळवला जातो. तसं केलं की सप्टेंबर बिघडतो: खरा ओढा बांधाला लागून वाहत असतो आणि मॉडेल म्हणतं, सगळं पाणी मुरलं. दोन्हींच्या मधला आकडा घेतला तर वर्षाची बेरीज जुळते, पण एकही पाऊस जुळत नाही. पुढच्या वर्षी नवा पाऊस, नवा आकडा, तीच कसरत.

अवर्षणप्रवण पट्ट्यात हे फार महागात पडतं, कारण तिथे सप्टेंबरचा पाऊसच बऱ्याचदा वर्षाचा सगळ्यात मोठा असतो आणि शेततळी, बंधारे त्यावरच भरतात. बंधाऱ्यात किती पाणी येईल याचा अंदाज ज्या महिन्यात हवा, नेमका त्याच महिन्यात मॉडेल साथ सोडतं.

माझं सांगणं एवढंच आहे की वाहकतेचा आकडा सगळ्यात शेवटी हलवा. पावसाची वेळ, मातीचा विखुरलेपणा, उतारावरची जागा आणि भेगा या चार वेगवेगळ्या गोष्टींची भरपाई आपण त्या एका आकड्याकडून करून घेत असतो. चारही वेगळ्या केल्या, तर बहुतेक वेळा त्या आकड्याला हात लावायची गरज पडत नाही. लावावा लागलाच, तर थोडाच.

आधी पावसाचं घड्याळ

हवामान खात्याच्या केंद्रावर रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो त्या तारखेवर लिहितात. म्हणजे शनिवारी रात्री पडलेला पाऊस नोंदीत रविवारचा असतो. ओढ्यावरच्या पातळीची नोंद मध्यरात्र ते मध्यरात्र ठेवली असेल, तर पाणी आधी आणि पाऊस नंतर, असा उलटा क्रम दिसतो. कॅलिब्रेशनचं, म्हणजे मॉडेलचे आकडे नोंदींशी जुळवून घेणारं, सॉफ्टवेअर हे निमूटपणे मातीच्या माथी मारतं. दोन नोंदी एका घड्याळावर आणल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरं, रोजच्या पावसावर मुरण्याचा वेग काढता येत नाही. ६० मिमी पाऊस २४ तासांवर सारखा वाटला तर ताशी २.५ मिमी होतो. ताशी ४ मिमी मुरवणारी माती तो सगळा पिऊन टाकते. तोच पाऊस संध्याकाळी दोन तासांत पडला असेल तर ताशी ३० मिमी, आणि बहुतेक पाणी वाहून जातं. वळवाचा पाऊस आणि श्रावणातली झड यांची दिवसाची बेरीज सारखी असली, तरी मातीच्या लेखी ते दोन वेगळे पाऊस आहेत. आता महावेधसारख्या प्रकल्पांमुळे मंडळ पातळीवर स्वयंचलित केंद्रं आहेत. कमी अंतराच्या नोंदी मिळत असतील तर त्याच घ्या. न मिळाल्या तर रोजच्या पावसावर ग्रीन-अँप्ट किंवा रिचर्ड्स (मुरण्याचा वेग क्षणाक्षणाने काढणारी समीकरणं) चालवायचा अट्टहास सोडा आणि वक्रांक पद्धत (कर्व्ह नंबर: जमिनीला एक आकडा देऊन दिवसाच्या पावसातून वाहणारं पाणी काढणारी) वापरा. ती निदान रोजच्या बेरजेसाठीच बनलेली आहे.

वक्रांक पद्धत वापरताना एक जागा तपासा. आपल्याकडे काळ्या मातीसाठी, आधीची ओल मध्यम किंवा जास्त असेल तेव्हा, सुरुवातीची घट (पाणी वाहू लागण्याआधी जमीन अडवते ते) ०.१ एस धरतात; एस म्हणजे जमीन जास्तीत जास्त किती पाणी रोखू शकते तो, वक्रांकावरून निघणारा आकडा. काळी माती कोरडी असेल तेव्हा आणि इतर सगळ्या जमिनींसाठी ०.३ एस. अमेरिकी सॉफ्टवेअरमध्ये मात्र ०.२ एस आधीच बसवलेलं असतं. हा गुणक बदलला की अपधावाच्या, म्हणजे वाहून जाणाऱ्या पाण्याच्या, सूत्राचा छेदही बदलतो: ०.१ साठी पाऊस अधिक ०.९ एस, ०.३ साठी पाऊस अधिक ०.७ एस. वरचा भाग बदलून खालचा ०.८ तसाच ठेवलेल्या एक्सेल फाइल्स सर्रास फिरतात. फरक किती पडतो ते पाहा: वक्रांक ८५ असेल तर एस ४४.८ मिमी येतो, आणि ४० मिमी पावसावर ०.३ च्या हिशेबाने अपधाव साधारण ९.९ मिमी, तर ०.१ च्या हिशेबाने १५.७ मिमी. माती तीच, वक्रांक तोच.

कोष्टकं आणि एककं

ग्रीन-अँप्टसाठी बहुतेक जण रॉल्स, ब्रेकेनसिक आणि मिलर यांचं १९८३ चं कोष्टक वापरतात. त्यात चिकण मातीची वाहकता ०.०३ सेंमी प्रतितास आहे, म्हणजे ताशी ०.३ मिमी. रिचर्ड्स समीकरण सोडवणाऱ्या हायड्रससारख्या सॉफ्टवेअरमध्ये कार्सेल आणि पॅरिश यांचं १९८८ चं कोष्टक असतं. त्यात चिकण मातीला ४.८ सेंमी प्रतिदिन, म्हणजे ताशी २ मिमी. नाव एकच, आकडा जवळजवळ सातपट. पोयटा मातीचंही तेच: पहिल्यात ताशी ३.४ मिमी, दुसऱ्यात ताशी १०.४.

या फरकाचं एक कारण ठरलेलं आहे. ग्रीन-अँप्टच्या कोष्टकातली वाहकता पूर्ण संपृक्त (पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीच्या) वाहकतेच्या साधारण निम्मी धरलेली असते, कारण पाऊस मुरताना मातीत हवा अडकून राहते. म्हणून एका कोष्टकातला आकडा दुसऱ्या पद्धतीत उचलून ठेवू नका. एका पाणलोटात एकच कोष्टक वापरा आणि एककांची ओळ तक्त्याच्या डोक्यावर ठळक लिहा. सेंमी प्रतितास, मिमी प्रतितास आणि सेंमी प्रतिदिन या तिघांच्या गोंधळातून निघालेली चूक कॅलिब्रेशनमध्ये लपून जाते आणि मग कधीच सापडत नाही.

सॉइलग्रिड्स या जागतिक माती-नकाशातून माती घेत असाल तर तिथे चिकणकणांचं प्रमाण किलोमागे ग्रॅममध्ये असतं. टक्केवारीसाठी दहाने भागायचं. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या राज्यनिहाय नकाशांचं प्रमाण १:२,५०,००० आहे. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. तेवढ्या अंतरात माथ्यावरची बरड संपून काळी सुरू झालेली असते. नकाशावरच्या एका रंगात दोन-तीन माती प्रकार एकत्र दिलेले असतात, आणि आपण पहिलं नाव उचलून पुढे जातो. शिवारात एक फेरी मारून हलकी कुठे संपते, भारी कुठे सुरू होते ते शेतकऱ्याला विचारा. त्या रेषा नकाशापेक्षा खऱ्या निघतात.

कड्यांची चाचणी काय सांगते, काय सांगत नाही

कोष्टकावर विश्वास नाही म्हणून लोक दुहेरी कड्याची चाचणी करतात: जमिनीत दोन कडी ठोकून पाणी ओततात आणि ते किती वेगाने मुरतं ते मोजतात, आतलं कडं ३० सेंमी व्यासाचं, बाहेरचं ६०. हे चांगलंच आहे, पण बहुतेक चाचण्या उन्हाळ्यात होतात. तेव्हा शेत मोकळं असतं आणि मजूरही मिळतो. मे महिन्यातल्या काळ्या मातीत कडं भेगेवर बसलं तर पाणी ओतत राहावं लागतं, दोन भेगांच्या मध्ये बसलं तर पाणी हलत नाही. दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांची सरासरी मात्र कुठल्याच जागेची नाही.

शिवाय कड्यात पाणी साचवून ठेवलेलं असतं आणि त्यावर थेंबांचा मार बसत नाही. पावसात मातीच्या बारीक कणांचा पापुद्रा धरतो आणि मुरणं मंदावतं. कड्यात ते होत नाही, म्हणून कड्याचा आकडा उघड्या जमिनीसाठी जास्तच येतो.

समजा एका शेतात पाच आकडे आले: ताशी ३, ५, ८, २० आणि ११० मिमी. साधी सरासरी २९ येते, भूमितीय सरासरी १२, मधला आकडा ८. कोणता घ्यायचा? यावर वाद घालण्याआधी हे मान्य करू की पाच आकड्यांनी काहीच सिद्ध होत नाही. नील्सन, बिगर आणि एर्ह यांनी कॅलिफोर्नियात १५० हेक्टरच्या शेतावर २० जागी मोजमाप करून १९७३ मध्ये दाखवलं की, एकसारख्या दिसणाऱ्या जमिनीतही वाहकता प्रचंड विखुरलेली असते आणि ती लॉगनॉर्मल पद्धतीने पसरते, म्हणजे बहुतेक आकडे लहान आणि थोडे फार मोठे. घनता फारशी बदलत नाही, ओल धरण्याची क्षमता थोडी बदलते, वाहकता मात्र काही हातांच्या अंतरात दसपट होते. म्हणून आकडे लॉगमध्ये मांडा, पसारा किती आहे ते पाहा, आणि तो पसारा मॉडेलमध्ये न्या. त्याची एका आकड्यात वाट लावू नका. सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून यावर थोडं थांबू.

सरासरी माती नावाची माती शिवारात नसते

एक छोटा हिशेब करा. अर्ध्या शेताची वाहकता ताशी ४० मिमी, उरलेल्या अर्ध्याची ४. पाऊस ताशी २० मिमी, आणि माती आधीच भिजलेली आहे असं धरू. सरासरी वाहकता २२. पाऊस २०. सरासरीवर चालणारं मॉडेल म्हणेल, अपधाव शून्य.

आता भाग वेगळे करा. ४० वाला भाग २० च्या २० मुरवतो. ४ वाला भाग ४ मुरवतो आणि १६ सोडून देतो. अख्ख्या शेतावर हिशेब केला तर ताशी ८ मिमी अपधाव.

पण खरं उत्तर यापैकी कोणतं, हे दोन्ही भाग उतारावर कुठे आहेत यावर ठरतं. घट्ट भाग वर आणि मोकळा भाग खाली असेल, तर वरून आलेले १६ आणि स्वतःवर पडलेले २०, मिळून ३६ होतात आणि ते ४० च्या आत बसतात. ओढ्यात काहीच येत नाही. मोकळा वर आणि घट्ट खाली असेल, तर पूर्ण ८ मिमी ओढ्यात. पाऊस, माती, क्षेत्रफळ सगळं सारखं. फक्त क्रम बदलला आणि उत्तर शून्यावरून आठवर गेलं.

आता दख्खनचा उतार आठवा. माथ्यावर हलकी, पायथ्याशी भारी. कोष्टकाप्रमाणे मोकळी जमीन वर आणि घट्ट जमीन ओढ्याला लागून. म्हणजे काळ्या मातीवरून सुटलेलं पाणी मध्ये कुठेही न अडता थेट ओढ्यात. सप्टेंबरमध्ये खरोखर हेच होतं. जूनमध्ये मात्र काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा असतात. ती तेव्हा शिवारातली सगळ्यात जास्त पाणी पिणारी जमीन असते, आणि माथ्यावरून आलेलं पाणीसुद्धा ओढ्याच्या तोंडाशी गिळून टाकते. क्रम उलटा झालेला असतो.

माथ्याचंही असंच. मुरमाड जमीन पाणी पटकन घेते खरी, पण तिची खोलीच कमी. २० सेंमी माती आणि त्यात पाण्यासाठी ०.२ एवढी मोकळी जागा धरली, तर ४० मिमीत ती भरते. खाली कठीण खडक असेल तर त्यापुढचं पाणी उतारावर सुटतं, वाहकता कितीही असो. जूनच्या पहिल्या पावसात हे ४० मिमी रिकामे असतात. सप्टेंबरच्या झडीत तिसऱ्या दिवशी ते भरलेले असतात. म्हणजे सप्टेंबरमध्ये माथा पाणी सोडायला लागतो आणि त्याच वेळी पायथा पाणी नाकारायला लागतो. एका वाहकतेचं मॉडेल याला कसं पुरणार? ते जूनला जुळवलं की सप्टेंबर मोडणारच.

उपाय तीन पातळ्यांवर आहेत. वेळ किती आहे त्यावर निवडा.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वाहकतेची विभागणी घातांकी आहे असं धरणारं सूत्र, जे हॉकिन्स आणि कंडी यांनी १९८७ मध्ये मांडलं. पावसाचा वेग प आणि मुरण्याच्या कमाल वेगाची क्षेत्रावरची सरासरी म असेल, तर प्रत्यक्ष मुरण्याचा वेग = म × (१ − ई^(−प/म)), ई म्हणजे २.७१८. इथे म साठी साधी सरासरीच घ्यायची, भूमितीय नको. म २२ असताना ताशी १० मिमी पावसात साधारण ८ मुरतात, २० मिमीत १३, आणि ६० मिमीत २०.६. पाऊस जोराचा झाला की मुरण्याचा वेगही वाढतो, कारण घट्ट तुकडे आधीच भरलेले असतात आणि आता मोकळ्या तुकड्यांना त्यांच्या ताकदीएवढं पाणी मिळायला लागतं.

यातून एक फार उपयोगी तपासणी मिळते. तुमच्या नोंदींतून भिजल्या जमिनीवरचे पाच-सहा पाऊस काढा. प्रत्येकात पावसाचा वेग आणि पाऊस वजा अपधाव, असे दोन आकडे मांडा. जोराच्या पावसात मुरणं जास्त दिसत असेल, तर तुमची अडचण विखुरलेपणाची आहे. मुरण्याचा वेग सगळ्या पावसांत सारखाच असेल, तर एक आकडाही चालून जाईल.

दुसरी पातळी म्हणजे पाणलोटाचे माथा, उतार, पायथा असे तीन पट्टे करून वरच्याचं सुटलेलं पाणी खालच्यावर पाऊस म्हणून घालणं. बऱ्याच मॉडेलांत उपपाणलोट थेट ओढ्याला जोडलेले असतात आणि वरच्या शेतातलं पाणी खालच्या शेतात पुन्हा मुरू शकतं ही सोयच नसते. ती हाताने करावी लागते, एक्सेलमध्येही होते. बांध आणि ताली असतील तर प्रत्येक पट्ट्याला साठवणीची उंची द्या. बांधामागे साचलेलं पाणी पाऊस थांबल्यावरही मुरत राहतं, आणि बंदिस्ती झालेल्या शिवारात हा आकडा लहान नसतो. बांध फुटलेले कुठे आहेत तेही पाहून ठेवा.

तिसरी पातळी जाळीदार, म्हणजे शिवाराचे छोटे चौकोन (घरं) पाडणाऱ्या, मॉडेलची. लॉगनॉर्मल विभागणीतून वाहकता काढून प्रत्येक घराला द्यायची आणि अनेक वेळा चालवायचं. हे करायचं असेल तर शेजारच्या घरांचा एकमेकांशी संबंध ठेवा. प्रत्येक घराला सुटा आकडा दिला, तर घट्ट आणि मोकळे तुकडे इतके मिसळतात की पाणी दोन घरांतच मुरतं, आणि मॉडेल पुन्हा अपधाव कमी दाखवतं.

भेगा

कोरड्या काळ्या मातीवर ग्रीन-अँप्ट चालवून पाहा. वाहकता ताशी ०.३ मिमी, कोरड्या मातीची पाणी खेचण्याची ओढ ३१६ मिमी, रिकामी जागा ०.२. तासाभरात २५ मिमी पाऊस पडला, तर हिशेबाने जेमतेम ६ मिमी मुरतात आणि १९ वाहतात. आता हैदराबादजवळच्या पतंचेरूच्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेत काळ्या मातीवर मोजलेले आकडे शेजारी ठेवा: पहिल्या अर्ध्या तासात ताशी ७६ मिमी, पुढच्या अर्ध्या तासात ३४, दुसऱ्या तासात ४, आणि १४४ तासांनंतर ताशी ०.२१ मिमी. जूनमधला मॉडेलचा पूर कुठून आला ते इथे उघड होतं. शेवटचा आकडा कोष्टकाच्या जवळ आहे. म्हणजे कोष्टक खोटं नाही. ते भिजून मिटलेल्या मातीचं आहे आणि आपण ते भेगाळलेल्या मातीला लावतो.

म्हणून भेगांसाठी वाहकता वाढवू नका. भेगांची वेगळी साठवण ठेवा. माती कोरडी असेल तेव्हा तिचा आकार मोठा, ओल वाढत जाईल तसा शून्याकडे. पाऊस मातीच्या मुरण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की उरलेलं पाणी आधी या साठवणीत जाईल आणि ती भरल्यावरच अपधाव सुरू होईल. स्वॅट या पाणलोटाच्या मॉडेलमध्ये भेगांतून वाहण्याचा पर्याय आहे, पण तो आपोआप चालू नसतो. हायड्रसमध्ये दुहेरी वाहकतेचं मॉडेल मिळतं, पण त्याला लागणारे गुणक शिवारात मोजणं अवघड आहे. मी साधी साठवणच पसंत करीन. भेगांची रुंदी, खोली आणि एका चौरस मीटरमधली लांबी मे महिन्यात टेपने मोजता येते, आणि तेवढ्यावर तिचा कमाल आकार ठरतो. वरून भेग मिटलेली दिसली तरी खाली ती काही काळ उघडी राहते, म्हणून साठवण पहिल्या पावसालाच शून्य करून टाकू नका.

पडताळा घ्यायला कुदळ पुरते. मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी खड्डा खणा. ५० मिमी मुरले असतील आणि रिकामी जागा ०.२ असेल, तर ओल २५ सेंमीपर्यंत सारखी उतरलेली दिसायला हवी. त्याऐवजी ६० सेंमीवर ढेकळांच्या कडा ओल्या आणि आतला गाभा कोरडा दिसला, तर पाणी भेगांनी गेलं आहे. हे एकदा पाहिलं की ओलीच्या सेन्सरचे विचित्र आकडेही समजायला लागतात. खालचा सेन्सर वरच्याच्या आधी ओला झाला म्हणून तो बदलून टाकणारे लोक आहेत. तो बरोबर सांगत असतो.

थर

उभ्या दिशेतही सरासरीचा असाच फटका बसतो. ३० सेंमी माती ताशी ३० मिमीची आणि तिच्यावर ५ मिमी जाडीचा पापुद्रा ताशी ०.५ मिमीचा. जाडीच्या प्रमाणात सरासरी काढली तर २९.५ येते, म्हणजे पापुद्रा नसल्यासारखंच. पाणी एकामागून एक थर ओलांडतं, म्हणून जाडी भागिले वाहकता अशी बेरीज करून उलट करायची. मग उत्तर साधारण १५ येतं, निम्मं. खालच्या मातीची ओढ यात धरलेली नाही, पण दिशा कळायला एवढं पुरतं. कोळपणी झाली की पापुद्रा मोडतो आणि मुरणं पुन्हा वाढतं. म्हणून पेरणी आणि कोळपणीच्या तारखा मॉडेलच्या फाइलमध्ये असू द्या. नांगरटीखालचा दाबून बसलेला थर असेल तर त्यालाही हाच हिशेब.

काळ्या मातीखाली मुरूम असेल तर अनेकांना वाटतं, मुरूम मोकळा म्हणजे पाणी भरभर खाली जाणार. तसं होत नाही. बारीक कणांची माती ओल घट्ट धरून ठेवते, आणि ती जवळजवळ संपृक्त होईपर्यंत खालच्या जाडसर मुरमात पाणी उतरत नाही. मुरमाची मोठी वाहकता सरासरीत मिसळू नका. मुरण्याचा वेग तोवर वरची काळी मातीच ठरवते.

रिचर्ड्सचं समीकरण अडतं तेव्हा

इथे थोडक्यात. कोरड्या काळ्या मातीवर पाऊस पडला की गणित अडतं, वेळेची पायरी लहान होत जाते आणि शेवटी प्रोग्राम थांबतो. कारण बहुधा वरच्या थरातली जाळी. पृष्ठभागाशी एक सेंमी किंवा त्याहून बारीक घरं ठेवा, खाली हळूहळू वाढवा. चिकण मातीचा एन (ओल आणि वाहकतेच्या वक्राचा आकार ठरवणारा गुणक) १.०९ असतो आणि एन एकाच्या इतका जवळ असला की संपृक्ततेजवळ वाहकता एकदम कोसळते. हायड्रसमध्ये यासाठी उणे २ सेंमीचा हवा-प्रवेश (मातीत हवा शिरायला लागते तो दाब) पर्याय आहे, तो निवडा. स्वतः कोड लिहीत असाल तर सेलिया आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दिलेली मिश्र (दाब आणि ओल दोन्ही धरणारी) मांडणी वापरा. नुसत्या दाबावर बेतलेली मांडणी पाणी हरवते. मॉडेल न अडता पूर्ण चाललं म्हणून उत्तर बरोबर असं समजू नका. पाण्याचा ताळेबंद एका टक्क्याच्या आत जुळतो का ते दर वेळी पाहा. तो जुळत नसेल तर ओढ्याच्या नोंदीशी तुलना करण्यात अर्थ नाही.

सुरुवातीची ओल अंदाजाने भरण्यापेक्षा मॉडेल आधीच्या ऑक्टोबरपासून चालवत आणा. जूनपर्यंत ते स्वतः कोरडं होत येतं, आणि भेगांचा आकारही त्यातूनच मिळतो.

मग कॅलिब्रेशन

इथवर आलात की पाऊस तीन ढिगांत टाका: भेगा उघड्या असतानाचे, वाफसा असतानाचे आणि झडीतले. भेगांची साठवण फक्त पहिल्या ढिगावर बसवा. वाहकतेची सरासरी म मधल्या ढिगावर बसवा. माथ्याच्या मातीची खोली झडीच्या ढिगावर. प्रत्येक आकडा जिथे बोलतो तिथेच त्याला विचारायचं. तिन्ही एकदम सॉफ्टवेअरच्या हवाली केले, तर वेगवेगळ्या जोड्या सारखंच चांगलं उत्तर देतात, आणि पुढच्या वर्षी त्यातली एकही टिकत नाही. वाहकता कोष्टकाच्या पाचपटीपलीकडे न्यावी लागली, तर थांबा आणि वर परत जा. पावसाचं घड्याळ किंवा पट्ट्यांचा क्रम अजून चुकलेला असण्याची शक्यता जास्त.

कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर यातलं बरंच लागू होत नाही. तिथल्या जांभ्यावरच्या मातीत पाणी पटकन मुरतं, पाऊस मुरण्याच्या वेगाला क्वचितच मागे टाकतो, आणि तरीही ओढे दुथडी वाहतात. कारण माती खालून वर भरत येते, पाणी उतारात आडवं सरकतं आणि पायथ्याच्या भिजलेल्या पट्ट्यातून बाहेर पडतं. अशा जागी ग्रीन-अँप्टची वाहकता कितीही फिरवली तरी पूर जुळणार नाही, कारण प्रक्रियाच वेगळी आहे. तिथे आधी मातीची खोली, खालच्या खडकाचा उतार आणि झऱ्यांच्या जागा मोजायला घ्या.